परदेशी विजेचा शेअर : घ्यायचा कधी, विकायचा कधी?

या संवादातले मामा महावितरणमधून अभियंता म्हणून निवृत्त झाले आणि खुलताबादला राहतात. भाची छत्रपती संभाजीनगरात एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करते. निवृत्तीच्या पैशांतले पाच लाख रुपये एका अमेरिकी वीज कंपनीच्या शेअरमध्ये घालावेत का, घातले तर कधी घालावेत आणि कधी बाहेर पडावं, यावर दोघांचं एकमत नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली कुणाही भारतीय रहिवाशाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. खातं मोबाइलवर उघडतं. न्यूयॉर्कचा बाजार आपल्याकडच्या घड्याळात उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला सुरू होतो. पैसे पाठवण्याची वाट अशी मोकळी झाली असल्यानं हा प्रश्न आता तालुक्याच्या गावातल्या घरांतही येऊ लागला आहे. मामांचा विश्वास धंद्याच्या जाणकारीवर आहे, भाचीचा हिशेबावर.

मामा : माझं म्हणणं सरळ आहे. माणूस एक वेळ नवे कपडे घ्यायचं पुढे ढकलेल, पण दिवा लावायचं कोणी सोडत नाही. न्यूयॉर्कची कॉन्सॉलिडेटेड एडिसन बघ. तिचं मूळ १८२३ च्या गॅस कंपनीत आहे. सलग पन्नासहून जास्त वर्षं तिनं दरवर्षी लाभांश वाढवलाय. अशा शेअरला मुहूर्त कशाला बघायचा? घ्यायचा आणि ठेवायचा.

भाची : मामा, निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची कबर तुमच्याच गावात आहे. त्यानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, नहरीनं पाणी आणलं. १६२६ मध्ये तो वारला आणि दहा वर्षांत निजामशाही संपली. नहरी मात्र पुढे कितीतरी पिढ्या शहराला पाणी पाजत राहिल्या. सेवा टिकली म्हणून मालक टिकला का? आणि शेअर घेणारा मालक असतो, ग्राहक नसतो.

मामा : ते राजेरजवाड्यांचं झालं. आता करार असतात, नियामक आयोग असतो, कोर्ट असतं.

भाची : करार आपल्या शहरातही होते की. २०११ मध्ये शहराचं वीजवितरण जीटीएल कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून गेलं. २०१४ च्या नोव्हेंबरात महावितरणनं थकबाकीच्या कारणावरून तो करार संपवला. पाणीपुरवठाही समांतर जलवाहिनीच्या योजनेत खासगी कंपनीकडे दिला होता. महापालिकेनं २०१६ मध्ये तोही करार रद्द केला. लोकांची विजेची आणि पाण्याची गरज काही थांबली नाही. ज्यांनी त्या कंपन्यांत पैसा घातला होता, त्यांचा धंदा थांबला.

मामा : हे मी नाकारत नाही. पण त्याचा अर्थ शेअर घेऊच नये असा होत नाही, नीट पारखून घ्यावा असा होतो. आमच्या धंद्यात पारख एकाच प्रश्नानं होते. खर्च वाढला की बोजा कोणावर पडतो, ग्राहकावर की भागधारकावर? वीज कंपनी मनाला येईल तो दर लावू शकत नाही. तारा, खांब, उपकेंद्रं यांत किती भांडवल गुंतलंय ते आयोग बघतो, त्यावर किती परतावा घेऊ द्यायचा ते ठरवतो. अमेरिकेत तो साधारण नऊ-दहा टक्क्यांच्या आसपास असतो. इंधनाचा खर्च बिलात वेगळा लावायची बहुतेक ठिकाणी मुभा असते. म्हणजे कंपनीचं नशीब आयोगाच्या आदेशात लिहिलेलं असतं. तो आदेश ज्याला वाचता येतो त्यानं शेअर घ्यावा.

भाची : आणि आदेश कंपनीच्या बाजूचा असला की झालं?

मामा : नाही. ते मला दाभोळनं शिकवलं. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळानं दाभोळ पॉवर कंपनीशी करार केला. एन्रॉन मुख्य, सोबत जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं, प्रकल्प रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. करार असा की मंडळ वीज उचलो न उचलो, क्षमतेचे पैसे द्यायचेच. दर डॉलरला बांधलेला, इंधन नाफ्था. रुपया घसरला, नाफ्था महागला आणि २०००-०१ मध्ये युनिट काही महिने सात रुपयांच्या वर गेलं. कागदावर बघितलं तर भागधारकाला यापेक्षा चांगला करार मिळणार नाही. सगळा बोजा मंडळावर. पण मंडळाकडे पैसा यायचा कुठून? पंपाचं बिल थकलेल्या शेतकऱ्याकडून, दोन खोल्यांचं बिल हप्त्यानं भरणाऱ्या बाईकडून. आकडे टाकून घेतलेल्या विजेचा पैसा तर येतच नव्हता. मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं बंद केलं. ग्राहकाला झेपत नाही तो करार कितीही पक्का असला तरी मोडतो.

भाची : मग इथेच माझा मुद्दा घ्या. एन्रॉनचा शेअर ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरला होता. २ डिसेंबर २००१ ला कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, त्याच्या आधीच भाव एक डॉलरच्या खाली गेला होता. कंपनी बुडाली ती प्रामुख्यानं हिशेबातल्या लबाडीमुळे, दाभोळ हे त्यातलं एक प्रकरण. पण भागधारकानं विकायचं कधी होतं?

मामा : २००१ च्या सुरुवातीला. तेव्हाही भाव पंचाहत्तर-ऐंशीच्या घरात होता. इकडे मात्र मंडळाची बिलं अडकली होती आणि कंपनी सरकारच्या हमीवर बोट ठेवून पैसे मागत होती. ते सगळं आपल्या मराठी पेपरांत रोज छापून येत होतं. भाव पडायच्या आधी धंदा बिघडलेला दिसतो, बघणारा पाहिजे.

भाची : तो बघणारा रत्नागिरीतल्या दाभोळच्या बातम्या वाचत होता म्हणून त्याला दिसलं. तुम्ही खुलताबादला बसून न्यूयॉर्कच्या आयोगाची सुनावणी रोज बघणार आहात का? म्हणून विकायचा नियम आधी ठरवलेला हवा. तुमचा नियम कोणता?

मामा : लाभांश थांबला की बाहेर. वीज कंपनीचा शेअर माणूस लाभांशासाठी घेतो. तोच गेला तर राहायचं कशाला?

भाची : तुमच्याच कंपनीवर हा नियम लावून बघू. १९७३ च्या ऑक्टोबरनंतर तेल जवळपास चौपट महाग झालं. कॉन्सॉलिडेटेड एडिसन तेलावर बरीच वीज करत होती. एप्रिल १९७४ मध्ये तिनं तिमाही लाभांश दिलाच नाही. १८८५ पासून पहिल्यांदा तो चुकला. भाव काही महिन्यांत निम्म्याहून खाली आला. तुमच्या नियमानं विकलं असतं तर पडलेल्या भावाला विकलं असतं. कारण पन्नास वर्षांची ती वाढ मोजली जाते ती त्यानंतरच सुरू झाली.

मामा : खरं आहे. पण ती कंपनी सावरली कशी ते सांग.

भाची : राज्याच्या वीज प्राधिकरणानं तिचे दोन अर्धवट प्रकल्प विकत घेतले, हातात रोकड आली आणि पुढे दर वाढवून मिळाले.

मामा : म्हणजे माझाच प्रश्न परत आला. तेलाचा खर्च हा ग्राहकाच्या बिलात जाऊ शकणारा खर्च होता. न्यूयॉर्कला दिवे हवे होते, राज्याला ती कंपनी बुडू द्यायची नव्हती, आणि लोकांना वाढीव बिल जड गेलं तरी भरता येत होतं. बोजा शेवटी ग्राहकानं घेतला. तिथे विकायचं नव्हतं. ज्याच्याकडे धीर होता त्यानं घ्यायचं होतं.

भाची : आता उलट उदाहरण. कॅलिफोर्नियाची पीजी अँड ई. २०१७ च्या ऑक्टोबरात तिच्या भागात वणवे लागले आणि डिसेंबरात कंपनीनं लाभांश थांबवला. शेअर पडूनही तेव्हा चाळीस डॉलरच्या वर होता. ८ नोव्हेंबर २०१८ ला तिच्या तारांमुळे ‘कॅम्प फायर’ नावाचा वणवा पेटला, पॅराडाइज गाव जळालं, ८५ माणसं गेली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि त्याच महिन्यात भाव दहा डॉलरच्या खाली होता. लाभांश परत सुरू झाला तो २०२३ च्या अखेरीस, तोही तिमाहीला एक सेंट. इथे लाभांश थांबताच विकणारा वाचला.

मामा : कारण तिथल्या कायद्यानं कंपनीच्या तारेमुळे कुणाची मालमत्ता जळाली तर निष्काळजीपणा सिद्ध न होताही कंपनी भरपाई देणं लागते. तो खर्च सहजासहजी बिलात जात नाही, मालकाच्या भांडवलातून जातो. जपानची टेप्कोही तशीच. ११ मार्च २०११ च्या अणुअपघाताआधी शेअर दोन हजार येनच्या वर, तीन महिन्यांत दोनशेच्या खाली. अणुअपघाताच्या भरपाईला तिकडच्या कायद्यात कमाल मर्यादाच नाही. २०१२ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. मग माझा नियम मी असा बदलतो. लाभांश थांबला हे विकायचं कारण नाही, ती धोक्याची घंटा आहे. घंटा वाजली की विचारायचं, बोजा कोणावर? इंधन, व्याज, वादळानंतरची दुरुस्ती असा बिलात जाणारा खर्च असेल तर थांबायचं. मर्यादा नसलेली भरपाई किंवा हिशेबातली लबाडी असेल तर त्याच दिवशी निघायचं, भाव काहीही असो.

भाची : हा नियम मला मान्य आहे, पण अर्धाच. कंपनी उत्तम आहे, आयोग समंजस आहे, आणि तुम्ही भलत्या भावाला घेतलंत, तर? परदेशी वीज कंपनीचा भाव तिच्या खांबांवर ठरतो त्याहून जास्त व्याजदरावर ठरतो. अमेरिकी सरकारच्या दहा वर्षांच्या रोख्यावर २०२० च्या उन्हाळ्यात अर्धा-पाऊण टक्का मिळत होता. साडेतीन टक्के लाभांश देणारा शेअर तेव्हा सोन्यासारखा वाटला आणि लोकांनी तो महाग करून ठेवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच रोख्याचा दर पाच टक्क्यांना टेकला. सरकार बिनधोक पाच देत असेल तर कंपनीचे साडेतीन कोण घेणार? कंपन्यांमध्ये फारसं काही बदललं नव्हतं, तरी भाव पडले.

मामा : मग तेव्हा घ्यायचं.

भाची : तेव्हाच. व्याजदर वर आहेत, पेपरात या कंपन्यांचं नाव नाही, आणि लाभांशाचा दर रोख्याच्या दराच्या जवळ आलाय, ही घ्यायची वेळ. आणि सगळे या शेअरबद्दल बोलतायत तेव्हा थांबायचं. २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना प्रचंड वीज लागणार म्हणून हेच शेअर परत चढले.

मामा : त्यात एक फसगत आहे, ती आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळते. मागणी वाढली की कंपनी श्रीमंत होते असं नाही. नवीन वाहिन्या टाकाव्या लागतात, रोहित्रं लागतात, उपकेंद्रं लागतात. त्याला भांडवल लागतं. कर्ज काढायचं किंवा नवे शेअर विकायचे. ब्रिटनच्या नॅशनल ग्रिडनं मे २०२४ मध्ये सात अब्ज पौंड उभे करायला हक्कभाग काढले. बातमी येताच भाव कोसळला. आयोग त्या नव्या भांडवलावर पुरेसा परतावा देणार असेल तरच ती वाढ भागधारकाची. नाहीतर वीज वाढते आणि तुझा वाटा पातळ होतो.

भाची : हे मी माझ्या यादीत घालते. आता रुपयाचा हिशेब ऐका, कारण खर्च तुम्ही रुपयात करणार आहात. भाव शंभर डॉलर धरू. २०२५ मध्ये कॉन्सॉलिडेटेड एडिसनचा वर्षाचा लाभांश ३.४० डॉलर होता. भारतीय माणसाच्या लाभांशातून अमेरिका २५ टक्के कर आधीच कापून घेते. हातात २.५५ येतात. कापलेला कर भारतातल्या करातून वजा मिळतो, पण भारतात जेवढा कर बसतो तेवढाच. तुमचं व्याजाचं उत्पन्न नव्या करप्रणालीत बारा लाखांच्या आत आहे, म्हणजे इथे कर शून्य. मग वजावट कशातून मिळणार? ते ८५ सेंट गेले ते गेले. मुदत ठेवीवर ज्येष्ठ नागरिकाला मिळणाऱ्या व्याजासमोर अडीच टक्के काहीच नाहीत. नुसत्या लाभांशासाठी घ्यायचं म्हणत असाल तर हा शेअर तुमच्यासारख्या निवृत्त माणसाचा नाही.

मामा : पण रुपया घसरतो ना. तो फायदा धर.

भाची : २०११ च्या मध्याला डॉलर ४५ रुपयांच्या आसपास होता, २०२४ च्या अखेरीस ८५. वर्षाला पावणेपाच टक्के पडतात. पण २००३ ते २००७ मध्ये रुपया वधारून चाळिशीच्या खाली आला होता, हेही लक्षात ठेवा. घसरणीवर करसुद्धा आहे. शंभर डॉलरला घेतलेला शेअर शंभरलाच विकला आणि डॉलर ८० वरून ८८ झाला, तरी कायद्याच्या दृष्टीनं शेअरमागे आठशे रुपये नफा. परदेशी शेअर चोवीस महिन्यांहून जास्त ठेवला तर त्यावर साडेबारा टक्के कर आहे. आपल्याकडच्या शेअरना मिळणारी सव्वा लाखाची सूट त्याला नाही. चोवीस महिन्यांच्या आत विकला तर तुमच्या दरानं. म्हणजे विकायच्या तारखेत कराचीही तारीख मिसळलेली असते.

मामा : एवढं सगळं सांभाळायचं तर ठेवून दिलेलं बरं. मी विकणारच नाही. माझ्यामागे पोरांना मिळेल.

भाची : तिथेही कायदा उभा आहे. अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या नावावर मरणसमयी साठ हजार डॉलरहून जास्त अमेरिकी शेअर असले तर वरच्या रकमेवर तिकडचा वारसा कर लागतो, चाळीस टक्क्यांपर्यंत. या करासाठी भारताचा अमेरिकेशी करार नाही. तुमचे पाच लाख त्याच्या खूप खाली आहेत. पण कधीच विकायचं नाही हे धोरण वाढत्या रकमेला परवडत नाही. शिवाय दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो. घरात तो भरणारं कोणी आहे का, हेही घेण्याआधी बघायचं.

मामा : मग तुझा अंतिम सल्ला काय? घेऊ नको?

भाची : घ्या, पण पाच लाख एकदम नाही. पैसे पाठवायला बँक दर वेळी शुल्क घेते, म्हणून दरमहा किरकोळ रक्कमही नको. वर्ष-दीड वर्षात तीन हप्ते करा. वर्षाला दहा लाखांच्या आत आहात, म्हणून पाठवताना वीस टक्के टीसीएस, म्हणजे उगमापाशीच घेतला जाणारा कर, कापला जाणार नाही. पाठवलेले पैसे शेअर न घेता तसेच ठेवले तर १८० दिवसांत परत आणावे लागतात, हे विसरू नका. मर्यादित भावाची ऑर्डर लावा; बाजार उघडताच मिळेल त्या भावाला घेऊ नका. आणि लाभांशाचा दर रोख्याच्या दरापासून फार खाली गेला, म्हणजे शेअर फार महाग झाला, तर निम्मे विका.

मामा : ते शेवटचं मला पटत नाही. कंपनी चांगली आहे, आयोग चांगला आहे, आणि केवळ महाग झाली म्हणून विकायचं? विकलेली चांगली कंपनी माणूस परत घेत नाही. वर चढलेला भाव बघून तो बाहेरच राहतो. धंदा बिघडला तरच मी विकणार.

भाची : आणि मला पटत नाही की कुठल्याही भावाला मालकी चांगलीच असते. पण घ्यायच्या दिवशीच विकायची कारणं कागदावर लिहायची, यावर तरी आपलं जुळलं.

मामा : जुळलं. मी माझी कारणं लिहितो, तू तुझी लिही. दोन्ही एकाच कागदावर.

दोघांचा वाद इथे संपत नाही आणि तो तसा संपवायची गरजही नाही. मला मामांचा प्रश्न विकण्यासाठी आणि भाचीचा हिशेब घेण्यासाठी योग्य वाटतो. घेताना भाव, व्याजदर, रुपया आणि कर यांना महत्त्व द्यावं, कारण त्या क्षणी आपल्या हातात तेवढंच असतं. शेअर घेतल्यावर रोजचा भाव बघणं सोडावं आणि वर्षातून दोनदा तरी बघावं की वाढलेला खर्च कोण भरतोय. तो ग्राहकाला झेपतोय आणि आयोग तो मान्य करतोय तोवर पडलेल्या भावाला घाबरू नये. तो भागधारकाच्या अंगावर येऊ लागला की तोटा सोसूनही निघावं. दाभोळचं सात रुपयांचं युनिट आपल्या डोळ्यांसमोर होतं. हे शिकायला मराठी वाचकाला न्यूयॉर्कला जायची गरज नाही.

ज्यांना परदेशी आयोगाचा आदेश वाचायला वेळ नाही, त्यांनी एका कंपनीत पैसा घालू नये. अनेक कंपन्यांचा निधी किंवा आपल्याकडची ठेव त्यांच्यासाठी बरी. आणि ज्यांना शेअर घ्यायचाच आहे त्यांनी खातं उघडण्याआधी एक कागद घ्यावा. त्यावर कोणत्या भावाला घेणार, किती घेणार आणि कोणत्या तीन कारणांसाठी विकणार हे लिहावं, घरातल्या एका माणसाला वाचून दाखवावं आणि त्याची सही घ्यावी. तीन कारणं लिहिता आली नाहीत तर त्या महिन्यात पैसे पाठवू नका.